तुटक्या दोरीचा कंगवा

माधवनगरच्या दोरीच्या कारखान्यात अंजनाच्या वेणीचं टोक फिरत्या रिळात गेलं, आणि कुणीतरी धावत येऊन बटण दाबलं. सगळं थांबलं... अंजनाचा श्वाससुद्धा.

"आमची दोरी रोज तुटतीया," वेणी हलकेच सोडवत तो म्हणाला, "आन् तुमची तुटता तुटंना."

हा जोतीराम. साताऱ्याकडच्या फौजी घरातला, पण बंदूक सोडून पुस्तकाच्या नादी लागलेला. प्लास्टिकची दोरी का तुटते, ते शोधायला मालक हंबीररावांनी त्याला आणलं होतं. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर यंत्र बंद आणि जोतीराम साताऱ्याच्या गाडीत.

अंजना यंत्रात प्लास्टिकचे दाणे ओतायची, रीळ भरायची आणि दोरीचे वार मोजायची.

दुपारी भाकरी खाताना तो तिला समजावत बसे. प्लास्टिक म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या साखळ्या. वितळलं की त्यांचा गुंता होतो. तो रस ओढला की लांब साखळ्या ओढीबरोबर सरळ होतात, आणि निवताना त्यांच्यावर स्फटिक धरतात, दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे. त्यानंच दोरीला बळ येतं.

"आन् आखूड असल्या तर?"

"तुमचे केस विंचरले की जागच्या जागी ऱ्हात्यात. माझे बघा—" त्यानं डोक्यावरून हात फिरवला, केस पुन्हा ताठ उभे. अंजना तोंडाला पदर लावून हसली. "आखूड साखळ्या अशाच. ओढ सुटली की लगेच गुंता. पुन्यांदा पुन्यांदा वितळवलं की साखळ्या तुटून आखूड व्हत्यात. पर आपण तर एकदाच वितळवतो."

अंजनाच्या हातातला घास थांबला.

तिच्या घरी सांडलेला जोंधळाही वेचून पुन्हा सुपात जाई. त्याच सवयीनं ती तुटलेली दोरी बारीक कातरून रोज नव्या दाण्यांत मिसळत आली होती. दोरी जास्त तुटे, ती जास्त मिसळे.

सांगावं, तर काम जाणार. न सांगावं, तर तो जाणार.

शुक्रवारी दिवे लागायच्या आधी तिनं सगळं सांगितलं, जोंधळ्यासकट. "मालकांना माझं नाव सांगा. मला काढलं तरी चालंल. पर तुमी... तुमी जाऊ नका."

"दोरीसाठी?"

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत राहिली. "दोरी तुटली, तरी."

शनिवारी निव्वळ नव्या दाण्यांची दोरी निघाली. आढ्याला बांधून हंबीरराव स्वतः तिला लोंबकळले, शिवाय दोन गडी लोंबकळले. दोरी तुटली नाही. चूक अंजनाची, पण सापडली तिच्याचमुळं, असं जोतीरामनं सांगितलं. हंबीरराव पुटपुटले, पोरी, विचारत जा. आणि यंत्र पुन्हा चालू करायला गेले.

सोमवारी जोतीरामनं तिच्यापुढं निळा कंगवा धरला. सांगलीच्या साचेवाल्याकडून ओतून घेतलेला.

"तुझ्याच तुकड्यांचा. आखूड साखळ्यांची दोरी व्हत न्हाई, पर साच्यात झ्याक भरत्यात."

तुझ्याच... तो पहिल्यांदाच असं बोलला होता. अंजनानं कंगवा केसांत खोवला.

"रविवारी साताऱ्याला जातोय," तो म्हणाला. "आईला तुमच्या घरी घेऊन यायला."

"आईंना माझं काय सांगनार?"

"सांगीन की, सांडलेला दाणाबी वाया जाऊ देत न्हाई."