गोधड्यांच्या आतली हाक

माझ्या मुलाच्या, नंदकुमारच्या बँडचं रेकॉर्डिंग आमच्या गोरेगावच्या घरात झालं, ते साल शहाऐंशी. माझ्याकडे काम एवढंच होतं, की दुपारभर आवाज करायचा नाही. कुकर लावायचा नाही, पंखा बंद. बँडच्या मुलांनी खिडक्यांना आणि दाराला माझ्या गोधड्या टांगल्या होत्या. भर दुपारी खोलीत काळोख, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

बँडचा मुख्य गायक चंद्रप्रकाश पावसाळ्याआधी भांडून गेला होता. "माझ्याशिवाय अल्बम कसा काढता, बघतोच," असं दारात उभं राहून म्हणाला, आणि त्यानंतर कुणालाच दिसला नाही. सामान त्याच्या खोलीवर तसंच पडलेलं. म्हणून आता गिटार वाजवणारा माझा नंदूच गाणार होता. भाड्याचं मशीन संध्याकाळी परत जायचं होतं आणि दोन गाणी उरली होती.

पहिलं झालं. टेप मागे घेऊन सगळे ऐकायला लागले, तर मधल्या संथ जागी लांबून कुणीतरी हाक मारली.

"नंदू..."

चंद्रप्रकाशचाच आवाज. जिना चढायचा कंटाळा म्हणून तो खालून अशीच हाक मारायचा.

ड्रम वाजवणारा भीमराज हसला. "आल्या बघ रुसूबाई. काकू, चहा टाका, मनवायला लागेल." त्याने खिडकीवरची गोधडी सारून खाली पाहिलं. मग हळूच सोडली. "कुणी नाही यार."

"गाताना ऐकलंत का रे ही हाक?" मी विचारलं.

कुणीच ऐकली नव्हती.

तेच गाणं त्यांनी पुन्हा घेतलं. या वेळी टेपवरची हाक दाराशी होती. आणि त्या दाराला पाठ लावून मी बसले होते.

मी नंदूला स्वयंपाकघरात ओढलं. "बंद कर हे. मला बरं वाटत नाही."

"आई, एकच राहिलंय. नोकरी सोडली ना मी याच्यासाठी?"

"मग एवढं ऐक. हाक आली तर ओ देऊ नकोस. आमच्या गावी पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही."

"टेपला कोण ओ देणार गं," म्हणाला, आणि गेला.

शेवटच्या गाण्याला मी त्याच्यासमोर बसले. त्याच्या ओठांवरून नजर हलवली नाही. गाण्याच्या शब्दांखेरीज त्याने अक्षर उच्चारलं नाही. गळ्याच्या शिरा ताणून शेवटपर्यंत गायला.

मग टेप लावली. दुसऱ्या कडव्यात, अगदी माइकजवळ...

"नंदू, चल ना."

"आलो रे."

हा आवाज माझ्या मुलाचा होता.

"आई... मी नाही बोललो." नंदूने माझा हात घट्ट धरला.

टेपवर कडी निघाली. दोन जोड्या चपला जिना उतरत गेल्या. पुढे गिटार वाजली, ड्रम वाजला, गाणं पूर्ण झालं. पण त्यात गाणारं कुणी नव्हतं.

अल्बम निघाला नाही. नंदू आता कामावर जातो, जेवतो, हसतो. गायला तोंड उघडलं की मात्र नुसता श्वास बाहेर येतो. डॉक्टर म्हणतात, घसा चांगला आहे.

कधी सुट्टीच्या दुपारी, घर निजलेलं असताना, जिन्यावरून दोन मुलगे गात खाली उतरताना ऐकू येतात. मी हातातलं टाकून आतल्या खोलीत धावते. नंदू तिथे असतो.

अजून तरी असतो...