रिकाम्या जागेचा उजेड

प्रयोगशाळेत तिला सगळे चकाचकबाई म्हणत. बटणाएवढी सिरॅमिकची चकती भाजायची, तरी बाई भांडी पुन्हा पुन्हा घासणार, हातमोजे बदलणार आणि भट्टीजवळ कोणी शिंकलं तर त्याची रवानगी थेट बाहेर.

एवढं करूनही तिची चकती लेझरखाली उजळायची. झोत डोळ्यांना न दिसणारा, चकतीत कशाचा कणही न मिसळलेला. मग हा दुधी उजेड येतो कुठून?

"भेसळ," साहेब म्हणाले. "आज कारण सांगा, नाहीतर उद्या भट्टी दुसऱ्या विभागाला."

बाईने भट्टीकडे पाहिलं. तिला हे काम शिकवणारे भट्टीवाले काका मागच्या महिन्यात वारले होते. त्यांचं स्टूल अजून भट्टीपाशीच होतं आणि त्यावर बसायची कोणाची छाती होत नव्हती.

"भेसळ नाही, साहेब. आत अणू ओळीने बसलेले असतात. एखादा जागेवर नसतो. मला वाटतं, ती रिकामी जागाच उजळते."

"म्हणजे जो गैरहजर, तोच कामाला लागतो? आपल्या ऑफिसात हे कधी व्हायचं?" साहेब स्वतःच्याच विनोदावर खो खो हसत सुटले.

बाईने लेझर बंद करून किल्ली खिशात टाकली. चकतीचा उजेड दिसावा म्हणून दिवे आधीच मालवलेले होते; बिनखिडक्यांच्या त्या खोलीत आता पूर्ण अंधार झाला. साहेब अजून हसत होते आणि त्यांच्या तोंडात डावीकडे एक दात मंद उजळला होता.

"साहेब, तुमचा तो दात सिरॅमिकचा आहे का?"

"कुठला?"

"डावीकडचा. चमकतोय."

साहेबांनी जीभ फिरवली. त्यांचं हसू मावळलं.

"तिथे दात नाहीये. परवाच काढला."

त्यांनी तोंडावर हात दाबला. बोटांच्या फटींतून उजेड झिरपत राहिला.

"भट्टी... ठेवा तुम्हीच," हाताआडून पुटपुटत ते धडपडत बाहेर पळाले.

बाईला हसू आवरेना. भट्टी वाचली! ती वळली.

काकांचं स्टूल उजळलं होतं. बसलेल्या माणसाच्या उंचीपर्यंत.

"काका, जिंकलो आपण," ती म्हणाली. भीती वाटलीच नाही, उलट ती स्टुलाजवळ सरकली.

मग तिचं लक्ष शेजारच्या स्टुलाकडे गेलं. ते तिचं स्वतःचं.

त्यावरही दुधी उजेड चढत होता. खांद्यापर्यंत आला होता.

ती तर अजून कुठेच गेली नव्हती.