दाबण्याआधीचा सूर

वाजवायच्या मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो, एवढी साधी गोष्ट वहिनींना पटवून देण्यात रेडिओकाकांचा अर्धा तास गेला.

"बिघडलेला माल गळ्यात मारलाय," वहिनी म्हणाल्या. "चार पट्ट्या दाबल्या. हूं नाही की चूं नाही."

"तो मुकाच असतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, आणि कधी सोडली, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. आवाज कॉम्प्युटर काढतो."

"मग आधी सांगायचं."

"आधी विचारायचं."

रेडिओकाका म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. उभी हयात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेली, म्हणून सगळी इमारत त्यांना याच नावाने ओळखायची. वहिनी इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका; वाजवायला शिकायचं म्हणून कीबोर्ड त्यांनीच घेतला होता. काकांचा भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून घराचे दोन भाग झाले, दोन शेगड्या झाल्या, फक्त बैठकीची खोली सामाईक राहिली. समोरचं माणूस एकदाचं इथून कधी टळतं, याचीच दोघं वाट बघत होती. कीबोर्ड बैठकीत मांडण्यावरूनही आठवडाभर धुसफूस झाली. पण वायरी जोडायला वहिनींना काकांखेरीज कोणी नव्हतं, आणि आपल्यावाचून अडतंय हे बघायला काकांनाही आवडत होतं.

दुपारचे तीन वाजले होते. काकांनी केबल कॉम्प्युटरच्या मागे घट्ट बसवली, प्रोग्रॅम उघडून इनपुटच्या यादीत कीबोर्ड निवडला, आउटपुटला स्पीकर, वाद्य म्हणून ऑर्गन.

"दाबा."

वहिनींनी अंगठ्याने एक पट्टी दाबली. ऑर्गन वाजला, पण जरा रेंगाळून, जिना चढून आलेल्या माणसासारखा.

"उशिरा येतोय."

"नवशिक्यांची हीच तक्रार असते. बफर, म्हणजे आवाज अडवून ठेवायचा वेळ, कमी करतो." काकांनी आकडा निम्म्यावर आणला, मग आणखी निम्म्यावर. सूर बोटाच्या जवळ जवळ सरकत आला. शेवटी बोट आणि सूर एक झाले.

काकांना हात आवरता आला असता. पण कारागिराची खोड जाते कुठे? त्यांनी आकडा अजून एक पायरी खाली नेला.

या वेळी सूर आधी आला. मग वहिनींचं बोट खाली गेलं.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"कानाचा भास." काकांनी नोंदींची खिडकी उघडली. कीबोर्डकडून येणारा प्रत्येक निरोप तिथे एका ओळीत दिसतो: वेळ, पट्टीचा क्रमांक, जोर. जोराचा आकडा एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. "आता कुठलीही दाबा. मला सांगू नका."

पडद्यावर ओळ उमटली. पट्टी चौसष्ट, जोर एकतीस. स्पीकर वाजला. वहिनींचा हात अजून मांडीवर होता. दोन सेकंदांनी तो उठला आणि चौसष्टवर पडला. पट्टी खाली गेली, आवाज झाला नाही.

"मला भलतीच दाबायची होती," वहिनी बोटाकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही काय करून ठेवलंत?"

काकांनी आकडा होता तिथे नेला. फरक पडला नाही. पुढच्या वेळी अंतर नऊ सेकंदांचं झालं.

तिसऱ्यांदा ओळ आली: पट्टी सत्तर, जोर बारा. "हात मागे घ्या," काका खेकसले. वहिनी खुर्ची सरकवून भिंतीला टेकल्या. पट्टीवर लक्ष ठेवायला काका कीबोर्डवर वाकले. चाळीस सेकंद गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चष्मा नाकावरून घसरला आणि त्याची एक काडी सत्तरवर टेकली.

हलकेच. बाराच्या जोराने.

काकांनी चष्मा उचलून पुसला. आपल्याच चष्म्याने पट्टी दाबली आणि ते वहिनींना दिसलं होतं, याचाच त्यांना जास्त राग आला.

मग स्पीकर किंचाळला.

पडद्यावर एका क्षणात एकतीस ओळी आल्या. डावीकडच्या पट्ट्या, मधल्या, उजवीकडच्या. प्रत्येकीचा जोर एकशे सत्तावीस. वहिनींनी झटकन आवाज बारीक केला. सूर बारीक झाला, पण थांबला नाही.

"एकतीस," काका म्हणाले. "दोन हातांना दहा बोटं असतात."

वहिनी पडद्याच्या जवळ गेल्या. त्यांनी क्रमांक बोटाने मोजले, रुग्णाचा तक्ता वाचावा तसे.

"बोटांनी नाही. मध्ये डोकं आहे. दोन्ही बाजूंना हात. बसलेला माणूस पुढे कोसळला की असाच पडतो. पाहिलेत मी."

"कोण माणूस?"

त्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सूर आणि पट्टी यांतलं अंतर आधी दोन सेकंद होतं, मग नऊ, मग चाळीस. आता किती, हे ओळींत कुठे लिहिलेलं नव्हतं.

काकांनी केबल उपसली.

सूर चालूच राहिला. सहा मिनिटं. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, काका हातातल्या केबलच्या टोकाकडे.

मग पट्ट्या सुटल्याच्या ओळी येऊ लागल्या. आधी उजवीकडच्या. थोड्या वेळाने डावीकडच्या. सगळ्यात शेवटी मधल्या, एकेक करून. कोणीतरी एक हात उचलून बाजूला ठेवला होता, मग दुसरा, मग डोकं.

सूर थांबला.

नंतर सूर आला. एकच. मग शेजारचा. पाच पट्ट्या वर, पाच पट्ट्या खाली. शिकाऊ पुस्तकातला पहिला धडा. जोर चाळीस, प्रत्येक वेळी चाळीस. कुणीतरी निवांत बसून सराव करत होतं.

काकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींची उजव्या हाताची बोटं पदरावर त्याच लयीत हलत होती.

"एकही चूक नाही," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या. रस्त्याकडची खिडकी लावून तिची कडी घातली. मग खुर्ची कीबोर्डसमोर आणली, तिच्या गादीवरची चुणी तळहाताने सारखी केली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"बसा ना, भावजी," त्या म्हणाल्या. "किती वेळ उभे आहात."