चौथा खुंट

बसा, बसा. लाइट गेली म्हणून खाली धावायचं कारण नाही. खालीही अंधारच आहे. विनिता, तू आत्ताच हसून घे. ही गोष्ट ज्याची आहे तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर कित्येक वर्षं बसला. थापाड्यांतला नव्हता. इतका सरळ, की कामावर उशिरा आला तर गाडी लेट होती असंसुद्धा सांगायचा नाही.

चंद्रहास त्याचं नाव. सातिवलीच्या आमच्या गोदामात तो स्टोअर सांभाळायचा. अठ्ठ्याण्णव साली त्याने तुळिंजला वन रूम किचन घेतलं आणि त्याच दिवाळीत मोटरसायकल. गाडीला असा जपायचा, की कोणी टाकीवर कोपर टेकलं तरी हा फडकं घेऊन धावायचा. गोदामाबाहेर उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करून यायचा. तुमच्या गाड्यांना तो नसतो आता. टाकीखाली, डाव्या गुडघ्यापाशी एक छोटी खुंटी असायची. आडवी केली की पेट्रोल बंद. बंद असताना गाडी चालू केली तर नळीत उरलेल्या पेट्रोलवर थोडी पळते आणि मग आचके देऊन बसते. नवशिक्यांची हमखास फजिती.

तर दत्तजयंतीला नव्या घराचा सत्यनारायण ठरला होता. आदला दिवस बुधवार, दोन डिसेंबर. पूजेला केळीचे चार खुंट हवेत, ते आणायला चंद्रहास कामावरून परस्पर सांडोरला निघाला. निघण्याआधी त्याच्या बायकोने, सुमेधाने, घराशेजारच्या दुकानातल्या फोनवरून बजावलं होतं, "साडेआठच्या आत या हो. मला इथे एकटीला भीती वाटते." वाटणारच. अख्ख्या बिल्डिंगमध्ये दोनच बिऱ्हाडं, जिन्यात दिवे नाहीत, आणि कुशीत नऊ महिन्यांची अनुष्का. "आलोच समज," असं तो म्हणाला होता.

सांडोरला दयाराम म्हणून त्याच्या ओळखीचा बागायतदार. त्याने दुपारीच चार खुंट तोडून पडवीत ठेवले होते, पण त्यातला एक शेजारच्या गुराने चावून टाकलेला. दयाराम लग्नाच्या बोलणीला गेला होता. घरी त्याची बायको, सुभद्राकाकी.

"मी तोडून घेतो ना एक," चंद्रहास म्हणाला.

"आता नको रे बाबा. दिवेलागण झाली. झाडं निजली सगळी. सकाळी ये, मी काढून देते."

"सकाळी सातला भटजी येणार, काकी."

"मग तीन ने. देव काय मोजत बसत नाय."

त्याने मान हलवली. तीन खुंट मागच्या सीटवर उभे करून कॅरियरला बांधले आणि निघाला. चांदणं लख्ख होतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून बैलगाडीएवढा रस्ता. वळणावर बावखल लागलं. बावखल म्हणजे बागेतलं गोड्या पाण्याचं तळं, वसईकडे वाडीवाडीत असतं. त्याच्या काठाला केळीचं एक बेट होतं, बाकीच्या बागेपासून सुटं. बुडखा झाडून-सारवून ठेवल्यासारखा स्वच्छ. आणि त्यात एक खुंट... सरळ, कोवळा, कमरेच्या वर येईल एवढा. जणू पूजेसाठीच वाढवलेला.

चंद्रहासने गाडी थांबवली. सुमेधाला चार सांगितले आणि तीन नेले तर ती वर्षभर ऐकवणार. काकीला कळणार कसं? दोरी कापायला आणलेली सुरी त्याने काढली. दोन घावांत खुंट हातात. चौथा बाकीच्या तिघांच्या पुढे, आपल्या पाठीला लागून उभा बांधला, किक मारली आणि निघाला. मागे कोणी बसल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

थोडं अंतर गेला. गाडीने आचका दिला... दुसरा... आणि बसली. इंजिन बसलं तसा हेडलाइटही गेला.

त्याने खाली हात घातला. कॉक आडवा. स्वतःलाच हसला. सवयीने बंद केला असेल मघाशी, खुंट तोडताना. कॉक उघडला, किक मारली, निघाला.

परत तेवढंच अंतर. आचका. अंधार.

कॉक आडवा.

या वेळी तो हसला नाही. कॉक आपोआप फिरत नाही, पोरांनो. घट्ट असतो, नव्या गाडीचा तर जास्तच. त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. मग उघडला आणि मागे वळून बघितलं. चार खुंट. पानं. वारा अजिबात नव्हता, पण चौथ्या खुंटाचं पान त्याच्या मानेला घासत होतं.

तिसऱ्यांदा बंद पडल्यावर त्याने गाडी ढकलायचं ठरवलं. ढकलेना. महिन्याची गाडी, हवा भरलेली चाकं, सपाट रस्ता... आणि ओली वाळू भरल्यासारखी जड. घामाने शर्ट भिजला. आठ वाजून गेले होते. सुमेधा खिडकीत उभी असेल, पोरीला खांद्यावर घेऊन. त्याला रडू यायला लागलं, असं त्याने मला स्वतः सांगितलं. लाज नाही वाटली सांगताना.

किल्ली काढून खिशात टाकली. मरो ती गाडी. तो चालत सुटला. पुढे हमरस्त्याचा दिवा दिसत होता. भराभर चालला.

मागे हॉर्न वाजला.

किल्ली खिशात होती. किल्लीशिवाय हॉर्न वाजत नाही.

पीप... पीप. थांबून. पुन्हा पीप. कसा, तर शेजारचं पोर गाडीवर चढून बसलं की वाजवतं ना, तसा.

चंद्रहास धावला. दिवा तिथेच. बागा सरेनात. छाती फुटायला आली तेव्हा पुढे कोणाची तरी गाडी उभी दिसली. देव पावला, असं म्हणून तो ओरडलाही, "अहो... अहो भाऊ..."

कोणी नव्हतं. गाडीवर चार खुंट बांधलेले होते.

तो स्वतःच्या गाडीपाशी परत आला होता. आणि शेजारी बावखलाचं पाणी चमकत होतं.

आता काय करणार? पुढे जाता येत नाही. मागेही नाही. तो गाडीवर बसला. एक शेवटचा उपाय त्याला सुचला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, आणि डावा हात कॉकवरच घट्ट धरून ठेवायचा. बघू कोण बंद करतं.

निघाला. हात कॉकवर. गाडी चालली... चालली... दिवा जवळ यायला लागला...

मांडीवरून काहीतरी पुढे आलं.

थंड. ओलं.

त्याच्या हातावर बोटं होती. बारीक. लहान. एक-एक करून ती त्याची बोटं सोडवत होती. करंगळी... मग शेजारचं...

ओढाताण नाही. राग नाही. मूल आईच्या मुठीतून खाऊ काढतं, तसं.

...

गाडी बसली.

चंद्रहासने हात कॉकवरून काढला. मग न बघता, हात मागे करून, त्याने चौथ्या खुंटाची दोरी सोडली. खुंट लहान मुलासारखा दोन्ही हातांनी उचलला. बावखल पुन्हा पाच पावलांवर होतं, पण त्याचं आता त्याला नवल वाटलं नाही. बेटातल्या बुडख्यावर त्याने तो खुंट टेकवून उभा केला, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलो मी. तुझं तुला. मला घरी जाऊ दे, माझी पोर लहान आहे."

पाण्यात काही हललं नाही. चिटपाखरू नाही.

पहिल्या किकला गाडी चालू झाली. हलकी, कोरी. कुठेही न थांबता तो थेट तुळिंजला.

सुमेधाने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजले होते. साडेदहा झाले होते. त्याचा चेहरा बघून ती नुसती बाजूला झाली. अनुष्का केव्हाच झोपली होती. तो पोरीजवळ गेला नाही. कपडे बाहेर टाकले, डोक्यावरून अंघोळ केली आणि स्वयंपाकघरात सतरंजी टाकून पडला. पूजा तीन खुंटांवर झाली, चौथ्या कोपऱ्याला आंब्याची डहाळी बांधून.

संध्याकाळी तो प्रसाद घेऊन सांडोरला गेला आणि दयारामच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. दयारामने प्रसाद कपाळाला लावला. मग म्हणाला, "धवल आमचा. पाच वर्षांचा होता. बावखलात गेला. ती केळ हिने लावली तिथे... कोणाची गाडी आली की मागे धावायचा. मला फिरव, मला फिरव."

"पण मग तो मला जाऊ का देत नव्हता, काका?"

"पोर ते. फिरायची हौस, पण लांब गेलं की आईची आठवण यायची. वेशीवरून रडत परत यायचा." सुभद्राकाकी आतून बाहेर आली नाही. प्रसादाची वाटी मात्र रिकामी करून, धुऊन, दारात ठेवली. चंद्रहासच्या मनावरचं ओझं उतरलं. परत दिलं, संपलं, असं त्याला वाटलं.

मलाही असंच वाटलं असतं. पण केळीचा चीक तुम्हाला माहीत आहे का? लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसत नाही. कपडा धुतला की तपकिरी डाग वर येतो, आणि मग कशानेही जात नाही.

रविवारी सुमेधाने धुणं धुतलं. बुधवारी रात्री अनुष्काच्या अंगात पांढरं झबलं होतं. ते दोरीवर वाळत टाकताना ती थांबली. चंद्रहासला हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच तो धावत आला.

झबल्यावर डाग आले होते. दोन्ही काखांच्या खाली, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. पाच-पाच बोटं. चंद्रहासचा पंजा सुपाएवढा. सुमेधाचाही यात बसत नव्हता. हे पंजे लहान होते... थोडं मोठं मूल आपल्याहून धाकट्याला काखेत हात घालून उचलून घेतं ना, तसे.