टेकवलेली सायकल

लांब पल्ल्याच्या सायकलला स्टँड नसतो. उगाच वजन नको म्हणून काढून टाकतात. मग ती उभी कशी राहायची? भिंत असली तर भिंतीला टेकून, झाड असलं तर झाडाला, आणि मोकळ्या माळावर दुसऱ्या सायकलला. अवधूत दामल्यांच्या सायकल टूरमध्ये यावरूनच एक रिवाज पडला होता. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला असायचा, आणि मुक्कामावर पोचलं की जोडीने आपल्या सायकली एकमेकींना टेकवून ठेवायच्या. एकटी सायकल आडवी पडते. सामानाचा टेम्पो चालवणारा दामू दिवस मावळताना माळावर नजर टाकायचा. सगळ्या सायकली उभ्या दिसल्या की माणसं आली असं धरून चुलीकडे वळायचा. एखादी आडवी असली, तर टेम्पो घेऊन मागे शोधायला जायचा.

संघरत्ना जाधवला हा रिवाज फार आवडला होता. भिवंडीच्या एका शाळेत ती गणित शिकवायची, त्यामुळे सोपा आणि न चुकणारा हिशेब तिला आवडणारच. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला ती भर स्टाफरूममध्ये "पुरावा?" एवढंच विचारायची आणि बिचाऱ्याची गोष्ट तिथेच गारठायची. तिची जोडीदार होती तनया केळकर, त्याच शाळेतली मराठीची बाई. दोघींचा डबा एक, रिक्षा एक आणि तक्रारीही एकच. भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोदामांसमोर, ट्रकांच्या धुरात टूर निघाली, तेव्हा तनयाने तिचा हात घट्ट दाबला होता. "रत्ने, मेलो तरी टेम्पोची मदत घ्यायची नाही हं!" कारण ज्या जोड्या टेम्पोच्या मदतीशिवाय टूर पुरी करतील, त्यांच्यातूनच उन्हाळ्यातल्या लडाखच्या टूरची निवड व्हायची होती. तनयाने लडाखचा ध्यास घेतला होता. रत्नाला लडाखचं एवढं काही नव्हतं. तिला तनयाबरोबर जायचं होतं, इतकंच.

शेवटच्या मुक्कामाच्या दिवशी, दिघाशीच्या अलीकडे, रत्नाच्या सायकलची चेन तुटली.

"तू इथेच सावलीत बस," तनया म्हणाली. "दामूचा फोन लागत नाहीये. मी पुढे जाऊन त्याला घेऊन येते."

"अगं, मग टेम्पोची मदत झाली ना. लडाख गेलं."

"जाऊ दे गं. लडाख मोठं की तू?"

रत्नाचे डोळे भरून आले. तिचा फोन तनयाच्या हँडलच्या पिशवीत होता, हे तनया वळणाआड गेल्यावर तिच्या लक्षात आलं. पण त्यात काळजी करण्यासारखं काय होतं?

सावली झाडाखालून सरकली आणि रस्त्याच्या पलीकडे गेली. कापून नेलेल्या भाताच्या शेतात बगळे उतरले आणि उडूनही गेले. टेम्पो काही आला नाही. शेवटी जवळच्या घरातून जाईबाई नावाची म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"सकालधरनं बघतंय, कोनाची वाट बघतंस गो पोरी?"

"मैत्रिणीची, आजी. येईलच ती."

म्हातारीने स्वतःहून आपला फोन पुढे केला. हल्ली कुणाचेच नंबर कुणाला पाठ नसतात. रत्नाने स्वतःचाच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. तनया उचलेलच की. बराच वेळ रिंग वाजली, मग कुणीतरी फोन घेतला. मागे पाणी सांडल्याचे आवाज येत होते, आंघोळीच्या जागी येतात तसे.

"आम्ही दोघी पोचलो," तिकडून बाईचा आवाज म्हणाला. "काळजी करू नका." आणि फोन बंद झाला.

जाईबाईने फोन परत घेतला आणि तो जरासा लांबच धरला. "तुझी भन हाय का ती? आवाज तर तुझाच."

"फोनवर सगळ्यांचे आवाज सारखेच वाटतात, आजी."

पण रत्नाच्या मनात आवाज नव्हता, ‘दोघी’ हा शब्द रुतला होता. गणिताच्या बाईला उत्तर काढायला कितीसा वेळ लागतो? तनया कुणाला आणायला गेलीच नव्हती. दोघी पोचलो म्हणून सांगून मोकळी झाली होती. लडाख मोठं ठरलं होतं. रोज डब्यातली अर्धी पोळी काढून देणाऱ्या बाईने केसाने गळा कापला होता. रत्नाला रडू आलं नाही, रागच आला, आणि त्या रागाच्या भरात ती सायकल ढकलत निघाली.

वज्रेश्वरीच्या अलीकडे नदीकाठच्या माळावर ती पोचली, तेव्हा सूर्य टेकला होता. गरम पाण्याच्या कुंडांचा गंधकाचा वास वाऱ्याबरोबर येत होता. रांगेने तंबू लागले होते. दामू चुलीशी होता.

"दामूदादा, मी मागे राहिलेय हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

दामूने वर पाहिलं आणि तो हसला. "काय मस्करी करता म्याडम? मघाशी तुमच्याच हातात बॅग दिली ना मी? हात किती गरम तुमचे, ताप हाय का म्हनून इचारलं पन."

"मला? मी आत्ता येतेय."

"मंग सायकल कशी उभी हाय?" दामूने डावाने माळाकडे दाखवलं. "एक पन आडवी न्हाय. बघा."

रत्नाने पाहिलं. सगळ्या जोड्या उभ्या होत्या. अगदी टोकाला तनयाची निळी सायकल होती. ती डावीकडे कललेली होती, बाकीच्या सायकली कलतात तेवढीच. तिच्या डावीकडे काहीच नव्हतं. मोकळा माळ होता, आणि त्या माळावरून नदीचं पाणी दिसत होतं.

वाऱ्याने निळ्या सायकलचं पुढचं चाक किंचित हललं. सायकल पडली नाही.

"दामूदादा," रत्ना हळूच म्हणाली, "ती कशाला टेकलीय?"

दामू भाजी ढवळत राहिला. तिने पुन्हा विचारलं, तेव्हाही त्याने मान वर केली नाही. शेजारून अवधूत दामले गेले. रत्नाने त्यांना हाक मारली. ते चालता चालता थोडे बाजूला झाले, वाटेत दगड असला की होतो तसे, आणि निघून गेले.

तनया तंबूच्या दाराशी बसली होती. पुढ्यात दोन ताटं होती, दोन्ही रिकामी. दारात रत्नाच्या बॅगेतल्या चपला होत्या. त्या ओल्या होत्या, आणि त्यांच्यातून बारीक वाफ निघत होती.

तनयाने मात्र तिला पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"परत येणार होतीस ना तू?" रत्ना म्हणाली.

"मी खोटं बोलले," तनया पुटपुटली. "दामूला म्हटलं, रत्ना आलीय, मागेच आहे. आणि मी मागे वळले, तर तू होतीस. खरंच होतीस. कुंडावर गेलीस, दुपारचं जेवलीस, माझ्याशी बोललीस. एका शब्दाने रागावली नाहीस गं."

"ती मी नव्हते, तनू. माझ्याकडे बघ. मी आहे."

तनयाने बघितलं. बराच वेळ बघितलं. रत्नाचे धुळीने भरलेले पाय, रागाने थरथरणारे ओठ. मग तिने तंबूकडे नजर वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरत गेली.

"हळू बोल," ती म्हणाली. "तिला आत्ताच झोप लागलीय."

रत्ना मागे फिरली. माळ ओलांडून निळ्या सायकलपाशी आली. ती जागा तिची होती. तिने आपली सायकल त्या रिकाम्या बाजूला लावायचा प्रयत्न केला.

लागेना.

तिचं हँडल कशावर तरी अडलं. तिने जोर केला. समोरूनही तेवढाच जोर आला.

तिचे हात सुटले. सायकल माळावर आडवी पडली. घंटी वाजली, चाकाच्या तारा झणझणल्या. कुणीही वळून पाहिलं नाही. दामूने हात पुसले, दिवस मावळताना रोज टाकायचा तशी माळावर नजर टाकली, आणि समाधानाने चुलीकडे वळला.

तंबूतून आवाज आला. झोपेतला होता, पण रत्नाचाच.

"तनू, कोण पडलं गं?"

तनया उठली. तिने अंधारत्या माळाकडे पाहिलं, थेट रत्नाच्या डोळ्यांत पाहिलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "झोप तू."

मग तिने ओल्या चपलांशेजारी आपल्या चपला काढून नीट लावल्या, आणि आत जाऊन तंबूची चेन ओढून घेतली.