कुसुमचा उजवा हात

प्रतीक, तो मोबाइल ठेव बाजूले. सुप्रिया, तू दाराची कडी लाव अन् बस. ही ऐकीव गोष्ट नाही. हेमराज मुकादमानं सोतःच्या तोंडानं मले सांगितली, अन् तो अजून जिता आहे, रामाकोन्याले राहते.

रामाकोन्याच्याच रस्त्यावर संत्रे धुवायचं शेड आहे. बाया दिवसभर हौदात हात घालून माल धुतात, मंग पॉलिश, मंग कॅरेट भरून ट्रक रवाना. सांजच्याले हेमराज सगळ्यायले रांगेत उभं करे अन् म्हणे, "उजवा हात दाखवा." बोटं पाण्यानं चुरमुडली असली तर हजेरी, नाही तर कामचोर. काय अक्कल चालवली म्हणून मालक त्याची पाठ थोपटे.

कुसुम नवीन लागली होती. मागं कधी तिच्या उजव्या मनगटाले विळा लागला, आतली नस कापल्या गेली. तिनं हात दाखवला तर बोटं गुळगुळीत.

"मुकादमजी, नस तुटली का बोटायले पाण्यानं सुरकुत्या पडत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं. हा डावा हात पाहा ना."

"मंग एकाच हातानं काम केलं तू! उद्यापासून येऊ नको."

सगळ्या हासल्या. दिवसभर तिले माल धुताना पाह्यलेल्या बायाही हासल्या. याचा मले अजून राग येते, लेकहो. एकीनंही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुम हौदात सापडली. लोक म्हणाले, जीव दिला. मी म्हणतो, रातभर हात भिजवून मुकादमाले दाखवायचा होता बिचारीले, अन् झोक गेला.

पुढच्या साली, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची अमावस्या. शेड सुटलं होतं. रात्री साडेदहाले मालकाचा फोन आला, मोटर चालूच राहिली, बंद करून ये. हेमराज गाडी काढून गेला. बटन दाबलं. पाण्याचा आवाज थांबला.

मंग पुन्हा आला.

चुळूक... चुळूक... कोणी तरी संत्रे धुवून राहिलं होतं. हौदात संत्रा एकही नव्हता.

"कोण आहे?"

त्यानं टॉर्च मारला. पाण्यातून हात वर आला. उजवा. बोटं गुळगुळीत.

"पाहा ना... मुकादमजी."

'काम केलं तू' एवढंच म्हणायचं होतं हेमराजनं. एवढंच. पण मुकादमकी नडली त्याले.

त्या हातानं हेमराजचा उजवा हात धरला. पाण्यात ओढला. सोडला नाही... उजाडेपर्यंत.

सकाळी मालक आला, मागून बाया आल्या. हेमराज रडत सांगून राहिला होता, रातभर हात पाण्यात होता म्हणून. मालकानं त्याची बोटं पाह्यली. एक सुरकुती नव्हती. "दारू पिऊन झोपला अन् वरून खोटं बोलून राहिला," म्हणे, अन् तिथंच त्याले कामावरून काढलं. बाया तेव्हाही हासल्या.

पुढं त्याचा तो हात चालेच ना. मीच त्याले नागपूरले घेऊन गेलो. डॉक्टरनं तपासून सांगितलं, मनगटातली नस साफ कापलेली आहे. कशानं कापली, विचारलं. हेमराजनं मनगट पुढं केलं.

चामडीवर ओरखडासुद्धा नव्हता.