बास्सूच्या बुटाचा आवाज

दार ओढून घे रे, दिवा फडफडतोय. आणि तू, तिकडं उन्हात तापलेल्या भिंतीला टेकू नकोस, रात्री अंग दुखेल. चहा होतोय. चहा झाला की काळ्या माळावर पळायला जाणार ना सगळे? जा. मी अडवत नाही. तुमच्या वयात मला कुणी अडवलं असतं तर मीही ऐकलं नसतं. फक्त अद्दीचं काय झालं तेवढं ऐकून जा.

अद्दी म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. रिस्सानीच्या बाजारात टायरचं दुकान आहे, तोच. त्यानं हे मला इथंच बसून सांगितलं. सांगताना पाठ भिंतीला लावून बसला होता, आणि माझी बायको मागच्या खोलीतून आली तेव्हा हातातला पेला सांडला त्याच्या.

त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला होता. दिवसभर घशाखाली थेंब नाही आणि बाहेर अशी आग, की बकऱ्यासुद्धा भिंतीच्या सावलीला चिकटून उभ्या. तेव्हा पळायचं ते रात्रीच, रोजा सोडल्यावर. आणि पळणं तर भाग होतं. वाळवंटातल्या मोठ्या शर्यतीला आपल्या गावचा तिघांचा संघ पाठवायचा, असं हॉटेलवाल्या सी बुजमानं कबूल केलं होतं. अद्दी, यिदिर आणि बास्सू. लहानपणापासूनचे दोस्त. तुमच्यासारखेच.

तिघांच्या संघाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. शेवटचा गडी पोचला की संघ पोचला. पहिला कितीही वाऱ्यासारखा पळो, त्याला विचारतो कोण?

आणि शेवटचा गडी होता बास्सू.

अद्दीचा जीव तिथंच अडकला होता. या भागात त्याच्या पायाला पाय लावणारा कुणी नव्हता. पण त्याला पळायला मिळायचंच नाही. जरा अंग मोकळं झालं, श्वास लयीत आला, की मागून हाक यायची, "अद्दी, थांब रे जरा!" कधी बास्सूच्या पोटात कळ, कधी बुटात खडा. त्या बुटाचा तळवा पुढून उकलला होता. पळताना थप्प वाजायचा आणि मग खस्स करून घासायचा. थप्प-खस्स, थप्प-खस्स. अद्दी म्हणायचा, मला झोपेतसुद्धा तोच ऐकू येतो.

ती रात्र रमजानची एकविसावी. गुरुवारचा सूर्य बुडालेला, आणि आपला दिवस सूर्य बुडाला की बदलतो, म्हणजे शुक्रवारची रात्र. चांद उशिरा उगवणार होता.

निघायच्या वेळी बास्सूची आई दारात आली. तिची बहीण इत्तो, कडू विहिरीपाशी बकऱ्या घेऊन राहते ना, तिचे डोळे गरम वाऱ्यानं सुजले होते. तिच्यासाठी औषधाचे थेंब आणले होते.

"तिकडंच पळताय, तर एवढं देऊन या," ती म्हणाली आणि बाटली अद्दीच्या हातात दिली.

"माझी मावशी आणि औषध त्याच्याकडं?" बास्सू म्हणाला.

"तू पोचशील तोवर तिचे डोळे आपोआप बरे होतील," अद्दी म्हणाला.

यिदिर हसला. बास्सूही हसला. अद्दी मात्र हसला नाही.

शेवटचं खजुराचं झाड आहे ना, माळ सुरू होतो तिथं, तिथवर जाईस्तोवर बास्सू दोनदा थांबला. रोजा सोडताना हरीऱ्याचं सूप जास्त ढोसलं होतं, पोट धरून वाकायचा.

"किती वाट्या खाल्ल्यास?" अद्दीनं विचारलं.

"आईनं वाढलं, मी खाल्लं."

"शर्यतीत पण आईला घेऊन ये. वाढत राहील वाटेनं."

"आईवर जाऊ नकोस हं, अद्दी!"

"मग पळ ना! पळ की! एक रात्र, फक्त एक रात्र मला नीट पळू दे!"

यिदिर गमत्या पोरगा. डोक्याला दिवा बांधता बांधता म्हणाला, "तुम्ही भांडा. मी पुढं होतो आणि मावशीला चहा टाकायला सांगतो. आणि घाबरू नका हं, या महिन्यात सगळे जिन साखळीनं बांधलेले असतात."

ते खरंच आहे. रमजानमध्ये जिन बांधलेले असतात. म्हणून तर माझं डोकं चालत नाही. जिन नव्हता, तर ते होतं काय?

यिदिर गेला. त्याचा दिवा माळावर लांब लांब जात एका ठिपक्याएवढा झाला. अद्दी थोडा वेळ थांबला. बास्सू खजुराच्या बुंध्याला धरून वाकला होता.

"ये मागनं," अद्दी म्हणाला आणि निघाला.

माळावरचे दगड दिवसभर तापलेले. बुटातून चटका लागत होता. वारा तोंडावर यायचा तो भट्टीचं झाकण उघडल्यासारखा. थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला. थप्प-खस्स, थप्प-खस्स.

आला एकदाचा, अद्दीच्या मनात आलं. त्यानं वेग कमी केला. बास्सूला जवळ येऊ द्यावं, सोबत पळावं, झालं गेलं विसरून जावं असं त्याला वाटलं. मनानं वाईट नाही तो.

पण बास्सू जवळ येईना. अद्दी हळू झाला की मागचाही हळू व्हायचा. अद्दी जोरात गेला की मागचा तेवढाच जोरात. अंतर तेवढंच. दगड फेकला तर पोचेल, हात लांबवला तर नाही, एवढं.

"बास्सू! सोबत ये की!"

उत्तर नाही. नुसता श्वास. दमलेला, घशात घासणारा.

"तोंडात काय खजूर कोंबलेत? बोल ना!"

थप्प-खस्स.

अद्दी थांबला. मागचाही थांबला. अद्दी वळून चार पावलं मागं गेला. तर तो आवाजही मागं सरकला. काळोख मिट्ट. फोनचा उजेड तीन हातांपलीकडं जात नव्हता.

"अच्छा. मस्करी चाललीये," अद्दी म्हणाला. "इथं माझा जीव जळतोय आणि तुला मस्करी सुचतेय."

आणि मग त्याची जीभ सुटली. कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं. पळता पळता तो अंधारात मागं ओरडत राहिला. तुझ्यामुळं मागच्या वर्षी आपला संघ शर्यतीत घेतला नाही. तुझ्यामुळं सी बुजमासमोर मान खाली घालावी लागली. तुला सोडून दुसरा घे म्हणून सगळं गाव सांगत होतं, आणि मी गाढव, मी म्हणत राहिलो, बास्सू नसेल तर मीही नाही. प्रत्येक वाक्याला नाव घेऊन. बास्सू, ऐकतोयस ना? बास्सू, लाज वाटते का?

मागून फक्त तो श्वास.

रागानं डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. हाताला लागला तो दगड उचलला आणि मागं भिरकावला. लागावा म्हणून नाही, घाबरावा म्हणून.

दगड पडल्याचा आवाज आला नाही.

अद्दी कान देऊन उभा राहिला. सगळा माळ दगडांचा. खडा पडला तरी खणकतो. पण काही नाही... कुणीतरी वरच्यावर झेलावा तसं.

"मर मग इथंच!" अद्दी ओरडला. "मर, बास्सू! मी थांबत नाही आता!"

तेव्हा पहिल्यांदा तो श्वास थांबला.

अगदी थांबला. वारासुद्धा पडल्यासारखा वाटला. अद्दीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. जास्त बोललो, असं त्याच्या मनात आलं. माफी मागावी म्हणून त्यानं तोंड उघडलं.

आणि पावलं सुरू झाली.

जोरात.

अद्दीला आधी बरं वाटलं, बघा. शपथेवर सांगतो, त्यानंच मला सांगितलं. त्याला वाटलं, लागलं एकदाचं मनाला. आता पळतोय पठ्ठ्या. तो वळला आणि आपल्या खऱ्या वेगानं सुटला. आणि मागची पावलं मागं पडली नाहीत. अद्दीच्या वेगाला वेग. वर्षानुवर्षं त्याला हेच तर हवं होतं. तो पळता पळता हसलाही.

मग त्याच्या लक्षात आलं.

थप्प-खस्स नव्हतं.

बूट नव्हताच. अनवाणी पाय होते. त्या तापलेल्या दगडांवर. अनवाणी.

"बास्सू...?"

समोर वाळूच्या डोंगराआडून चांद वर आला. अर्धाच होता, पण माळ लख्ख झाला. पार खजुराच्या झाडापर्यंत. अद्दीनं मान वळवली.

कुणी नाही.

एक काळं कुत्रंसुद्धा नाही. नुसता माळ.

आणि पावलं चालूच... त्या रिकाम्या माळावरून... येतायत...

अद्दीनं मान पुढं केली. पुन्हा वळवली नाही. पळाला. तोंड कोरडं. जीभ टाळूला चिकटली. कमरेच्या पट्ट्याला मागं पाण्याची बाटली होती, पण त्याला हात मागं न्यायचा नव्हता. कळतंय ना? हात मागं न्यायचा नव्हता.

वाळू लागली. पाय रुतायला लागले. पावलांचा आवाज बंद. वाळूत कुठला आवाज?

आता ते किती लांब आहे... कळायला काही मार्गच नाही.

इत्तोच्या तंबूचा दिवा दिसला. इत्तोची कुत्री ठाऊक आहेत तुम्हाला, माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही सोडत नाहीत. त्या रात्री एकही भुंकलं नाही. तिन्ही तंबूखाली शिरून बसली होती, शेपट्या पोटाशी.

अद्दी चटईवर जाऊन कोसळला. यिदिर चहाचा पेला घेऊन बसला होता.

"अरे, जिनांची साखळी तुटली की काय? असा काय आलास?"

अद्दीनं नुसतं बोट मागं दाखवलं. "बास्सू... मागं..."

यिदिरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बास्सू घरी आहे."

"नाही."

"अद्दी, त्याचा फोन आला मला, इथं टेकाडावर आल्या आल्या. त्या झाडापाशीच ओकला तो. तिथनंच परत फिरला. तुला हाका मारल्या म्हणे, पण तू रागात होतास, गेलास निघून. आईनं झोपवलंय त्याला."

अद्दी तंबूच्या तोंडापासून आत सरकला.

इत्तो मावशी सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होती. ती उठली आणि माळाच्या बाजूचा तंबूचा पडदा खाली सोडला. त्याच्यावर दगड ठेवला.

"बोललास त्याच्याशी?" तिनं विचारलं.

"बास्सू समजून... हो."

"नाव घेऊन?"

"हो."

"शेवटचं काय म्हणालास?"

अद्दीनं सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. तिनं त्याला पाणी दिलं, दोन पेले, तीन पेले. मग घामानं चिंब झालेला शर्ट त्याच्या अंगातून काढून घेतला आणि आतल्या दोरीवर टाकला. थेंबांची बाटली उशाशी ठेवली, डोळ्यांत घातलेच नाहीत. "आज डोळे मिटायचे नाहीत मला," एवढंच म्हणाली.

पहाटेची अजान झाल्यावर तिघं एकत्र उजाडायची वाट बघत बसली.

त्यानंतर? त्यानंतर काय. बास्सू दोन दिवसांत बरा झाला. अद्दीनं त्याच्या गळ्यात पडून माफी मागितली, आणि त्या बिचाऱ्याला कशाची ते कळेना. ते शर्यतीलाही गेले. तुम्ही विचाराल, मग अद्दीसारखा गडी असून आपला संघ इतका मागं का आला? सी बुजमा डोकं आपटून घेत होता. अद्दीला ओरडत होता, पुढं हो, ओढ त्यांना! अद्दी होत नव्हता पुढं. आजही होत नाही. अजून पळतो, पाय अजून तसेच आहेत, मी बघितलंय. पण सगळ्यात शेवटी पळतो. बायका, म्हातारे, पहिल्यांदा आलेली पोरं, सगळ्यांच्या मागं. कारण जिंकायचं तर सगळ्यांना मागं टाकावं लागतं, आणि मग त्यांची पावलं मागून ऐकू येतात. ते त्याला सहन होत नाही. इतका वेग अंगात, आणि त्याचा उपयोग शून्य. मला अजून हळहळ वाटते.

थांबा, बूट नंतर घाला. शर्टाचं राहिलं.

निळा शर्ट होता. उजाडल्यावर वाळला, तेव्हा त्यावर मीठ दिसायला लागलं. आपल्या सगळ्यांच्याच कपड्यांवर दिसतं, घामाचं, पांढऱ्या रेघा. तशा रेघा होत्या. काखेत, मानेशी. पण पाठीवर, बरोबर मधोमध...

पंजा होता.

पाच बोटं, पसरलेली. पांढरी. टेकवलेला हात असतो तसा. अद्दीचा स्वतःचा तिथं पोचत नाही, मी त्याला करून दाखवायला लावलं.

म्हणजे ते लांब मागं नव्हतंच, समजलं? दगड फेकायच्या अंतरावर कधी नव्हतंच...

इत्तोनं शर्ट विहिरीवर धुतला. घामाच्या रेघा गेल्या, पंजा गेला नाही. माझ्या बहिणीनं घरी आणून साबणानं धुतला, उन्हात टाकला. संध्याकाळी वाळलेला शर्ट काढायला ती गच्चीवर गेली, आणि तिथनंच तिनं मला हाक मारली.

मी वर गेलो. बघितला.

बोटं जरा जवळ आली होती. पकडताना येतात तशी.